आधी हात दाखव

"आधी हात दाखव."

मावशींच्या काउंटरसमोर कोणीही उभं राहिलं, की पहिलं वाक्य हेच. गोऱ्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत, मला मराठीत. मग त्या काउंटरखालून एक खाकी कागद काढायच्या, गिऱ्हाइकाचा पंजा त्यावर पालथा ठेवायला लावायच्या आणि कानामागची पेन्सिल घेऊन बोटांभोवती सावकाश रेघ मारायच्या. दाढीवाले, सहा-सहा फुटी शिकारी बालवाडीतल्या मुलांसारखे गप्प उभे राहायचे. पेन्सिल करंगळीपाशी आली की त्यातल्या काहींना गुदगुल्या व्हायच्या.

हात बघणारे ज्योतिषी तुम्ही पाहिले असतील, हात बघून बांगडी काढणारे कासारही पाहिले असतील. या मावशी हात बघून बंदूक विकायच्या.

अमेरिकेत आम्ही राहतो त्या बॉथेलहून डोंगराकडे निघालं, की तासाभरावर एक छोटं गाव लागतं. तिथे रस्त्याला लागूनच एक मोठं दुकान आहे. दर्शनी भागात तंबू आणि बूट, मध्ये मासेमारीचे गळ आणि अगदी मागच्या भिंतीला बंदुका. त्या भिंतीपुढे नारिंगी जाकीट घातलेली, कपाळाला बारीक टिकली लावलेली, साठी ओलांडलेली एक मराठी बाई उभी असेल असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. जाकिटावरच्या पट्टीवर त्यांचं नाव होतं, पण गोऱ्यांच्या जिभेला झेपेल इतकं तोडलेलं. मी पहिल्याच दिवशी मावशी म्हटलं आणि तेच राहिलं.

मी तिथे का गेलो हे सांगायला हवं. त्यात माझी बरीच अब्रू जाणार आहे, तेव्हा जरा दमानं घेतो.

माझी लेक सई सहा वर्षांची होती, तेव्हापासून आम्ही दोघं दर शनिवारी डोंगरात जायचो. गेल्या ऑगस्टमधली गोष्ट, ती तेव्हा बारा वर्षांची होती. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना बेरींची झुडपं होती आणि मी तिला, कॉलेजात असताना सह्याद्रीतले किल्ले कसे पळत चढायचो, ते ऐकवत होतो. वळण आलं. वळणावर अस्वल होतं. काळं, चांगलं गलेलठ्ठ, तोंडाला बेरीचा रस लागलेलं.

पुढचं मी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, सगळ्यांना असं सांगितलं, की मी प्रसंगावधान राखून मदत आणायला धावलो. खरं असं आहे, की मी पळालो. मदत आणायची कल्पना मला पार्किंग दिसायला लागल्यावर सुचली. सई मात्र जागची हलली नाही. शाळेत शिकवलं होतं तसे तिने दोन्ही हात वर केले आणि अस्वलाशी मोठ्याने, शांतपणे बोलत राहिली. अस्वलाने आणखी चार बेरी खाल्ल्या आणि ते निघून गेलं. वीस मिनिटांनी सई खाली आली, तेव्हा तिच्या हातात वाटेत पडलेली माझी टोपी होती.

"आर यू ओके, बाबा?" तिने मला विचारलं. तिने मला!

पॉटलकमध्ये मी शौर्यकथा सांगत होतो तेव्हा ती मागेच, कागदी प्लेट घेऊन उभी होती. गोष्ट संपली तशी ती पुलाव वाढून घ्यायला गेली. पण पुढच्या शनिवारी म्हणाली, "आय हॅव होमवर्क." त्याच्या पुढच्या शनिवारीही होमवर्क. तिच्या शाळेत इतका अभ्यास करून घेतात हे मला तोवर माहीत नव्हतं. चार शनिवार असे गेले आणि मला कळून चुकलं, की माझी लेक आता माझ्याबरोबर डोंगरात येणार नाही. मला ती परत हवी होती, बाकी काही नको होतं.

अशा वेळी शहाणा बाप मुलीजवळ बसून दोन शब्द बोलतो. मी सॉफ्टवेअरवाला, मी एक्सेल शीट केली.

तीन आठवडे रात्रंदिवस मी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं वाचत होतो. वजन, नळीची लांबी, गोळीची जाडी, गोळ्या किती बसतात, छातीवरच्या पट्ट्यात मावते की नाही, प्रत्येकाला गुण, गुणांना भार, शेवटी बेरीज. इंटरनेटवर या विषयावर लोक एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. अस्वलाच्या वाट्याला कोणी जात नाही. माझ्या बेरजेत पहिली आली ती आखूड नळीची, वजनाला हलकी आणि सगळ्यात जाड गोळीची रिव्हॉल्व्हर. दिसायला छोटीशी, आवाज तोफेचा. बायको म्हणाली, "भेंडी चिरताना बोट कापून घेतोस, आणि बंदूक?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तिच्या म्हणण्यासाठी शीटमध्ये कॉलम नव्हता.

ती शीट छापून मी मावशींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून ती पाहिली, उलटीसुलटी केली.

"छान आहे. यात तुझ्या हाताचा कॉलम कुठे आहे?"

"हाताचा?"

"बंदूक पायाने धरून राहिला का तू? आण, आधी हात दाखव."

मावशी चंद्रपूरकडच्या. वडील वनरक्षक होते. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा विमानाच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर घरात करमेना म्हणून या दुकानात बुटांच्या विभागात लागल्या. मुलगा दूर, ओहायोत. बुटांसाठी पाय मापता मापता त्या मागच्या भिंतीपर्यंत कशा पोचल्या ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. "माणूस एकच रे," म्हणायच्या, "तिकडे पाय, इकडे हात."

पेन्सिल फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "काऊन पाहिजे बंदूक?"

मी अस्वलाची हकिकत सांगितली. पॉटलकपासून तिची बरीच प्रगती झाली होती. "मी सईला पाठीशी घातलं आणि अस्वलापुढे उभा राहिलो," मी म्हणालो.

"पाठीशी घातलं."

"हो. म्हणजे मागे घेतलं, आणि पुढे मी."

"तळहाताला घाम सुटून राहिला तुझ्या," मावशी म्हणाल्या. "कागद ओला झाला." मग दुसरा हात आडवा धरून त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. सगळ्यांच्याच कागदावर लिहायच्या. काय लिहिता विचारलं, तर म्हणाल्या, "हाताची नोंद. माणूस परत आला की आठवतं."

त्यांनी माझ्या हातात एक लांब नळीची, जड रिव्हॉल्व्हर दिली. जड बंदूक धक्का स्वतः खाते, हलकी बंदूक तो तुमच्यापर्यंत पोचवते, असं त्यांचं साधं गणित होतं. मी शीटवर बोट ठेवलं. बेरीज बेरीज असते.

"एवढीशी बंदूक आणि एवढी मोठी गोळी. सगळा राग तुझ्यावर काढेल ती."

"मला हीच हवी, मावशी."

"विकणं माझं कामच आहे, बाप्पा. पण स्प्रे पण घे." त्यांनी अस्वलासाठीच्या तिखट फवाऱ्याचा डबा पुढे सरकवला. "माझे बाबा तीस वर्षं जंगलात फिरले, हातात काठी. खांद्यावर अस्वलाच्या नखांचे चार ओरखडे होते. पळाले होते म्हणून. पळणाऱ्याच्या मागे जनावर लागते, आणि त्या दिवशी बंदूक असती तरी बाबा ती पाठीवर घेऊनच पळाले असते."

मी फवारा घेतला, पण भाजीवर कोथिंबीर घ्यावी तसा.

सरकारी तपासणी आणि थांबायचे दिवस संपून बंदूक घरी आली ती नेमकी नवरात्रात. आता पुढे जे मी केलं, ते अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही बंदूकवाल्याने केलं नसेल याची मला खात्री आहे. खंडेनवमीला मी शस्त्रपूजा केली. दरवर्षी पाटावर लॅपटॉप, पेचकस आणि सुरी असायची. आयुष्यात पहिल्यांदाच खरं शस्त्र मिळालं होतं, मग कसूर कशी करायची? रिकामी रिव्हॉल्व्हर मधोमध ठेवली. हळद-कुंकू वाहिलं. फिरतं चक्र उघडून त्यातल्या पाचही घरांत मूठभर अक्षता वाहिल्या. सई दारातून बघत होती. "इज दॅट सेफ?" ती म्हणाली. मी म्हणालो, श्रद्धेचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी अक्षता झटकून ती तिजोरीत ठेवली.

त्याच शनिवारी मावशींनी मला दुकानामागच्या नेमबाजीच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. सईला पुढे व्हायोलिनच्या क्लासला सोडायचं होतं, म्हणून ती बरोबर होती. ती दुकानात बाकावर वाचत बसली. मी गॉगल घातला, कानांवर डबे चढवले, गोळ्या भरल्या आणि चाप ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. चक्र जागचं हलेना. मावशींनी बंदूक माझ्या हातून काढून घेतली, गोळ्या काढल्या, चक्र उघडून टेबलावर हलकेच आपटलं आणि वाकून पाहिलं. त्यातून एक लाल तांदूळ बाहेर पडला. मग दुसरा.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"नवमी?"

"हो."

त्या इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. तिथला देखरेखीचा माणूस घाबरून धावत आला आणि तांदळाकडे बोट दाखवून हे काय म्हणाला. "इंडियन सेफ्टी लॉक," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "व्हेरी रिलायबल."

जुन्या टूथब्रशने त्यांनी सगळं साफ करून दिलं. मग मी पहिला बार काढला. गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक, पण बंदूक उसळून सरळ माझ्या कपाळावर आली. गॉगलच्या वर, बरोबर मध्यभागी टेंगूळ आलं. मी तिला कुंकू लावलं होतं, तिने मला टिळा लावला. हिशेब पुरा झाला.

"बस झालं," मावशी म्हणाल्या. "चल बाहेर. आता खरं शिकवते."

बाहेर पार्किंगमध्ये त्यांनी मला एका पांढऱ्या पट्टीवर उभं केलं आणि स्वतः वीस पावलं लांब गेल्या. "मी अस्वल," त्यांनी जाहीर केलं. सई पुस्तक घेऊन बाहेर आली होती. मावशी नारिंगी जाकिटात, हात लोंबकळवत, फेंगड्या चालीने माझ्याकडे यायला लागल्या. मी सवयीने एक पाऊल मागे गेलो.

"मागे काऊन चालला? आधी हात दाखव! वर! दोन्ही! आता बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. मराठीत बोल, त्याला काय कळते?"

मी दोन्ही हात वर करून, टेंगूळ मिरवत, भर पार्किंगमध्ये ओरडलो, "नमस्कार! आम्ही निघालोच आहोत!" ट्रकमध्ये सामान भरणारे दोघंजण थांबून बघायला लागले. सई खळखळून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसली माझ्यासमोर.

"दॅट्स व्हॉट आय डिड," ती म्हणाली.

मावशी अस्वल होत्या त्या पुन्हा माणूस झाल्या. "हो का बेटा? मग तुझे बाबा कुठे होते?"

माझे हात अजून वरच होते. ते खाली घ्यायचं मला सुचलं नाही. सईने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ही वेंट टू गेट हेल्प," ती म्हणाली.

मावशींनी नुसती मान हलवली. खोटं मी बोललो होतो, आणि ते सांभाळायचं काम मी बारा वर्षांच्या पोरीवर टाकलं होतं. तेव्हाच, तिथेच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चला, क्लासला उशीर होईल."

निघताना सईने पार्किंगच्या कडेला पडलेलं मेपलचं एक पिवळं पान उचलून मावशींच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, आजी." दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. आमच्या मंडळात आपटा मिळत नाही म्हणून पोरं मेपलचंच सोनं वाटतात. मावशींनी ते पान कितीतरी वेळ हातातच धरलं होतं.

"तुमच्या मंडळात यायचं आहे एकदा," त्या मला म्हणाल्या. "कळवशील?"

"हो हो, नक्की."

कळवलं नाही. बंदुका विकणारी बाई मंडळात आणली तर लोक काय म्हणतील, असं माझ्या मनात आलं. बंदूक विकत घेणारा मंडळाचा खजिनदार, म्हणजे मी, चालतो, विकणारी चालत नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ही गोष्ट मला अस्वलाहून जास्त टोचते.

एप्रिलमध्ये मी बंदूक परत विकायला दुकानात गेलो. कपाळावर आदळल्यानंतर ती तिजोरीतून बाहेर आलीच नव्हती आणि सईचा शनिवारचा होमवर्कही संपला नव्हता. काउंटरमागे एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ होता. मी सवयीने हात पुढे केला. त्याने तो हातात घेऊन हलवला आणि विचारलं, काय सेवा करू?

मावशी जानेवारीत गेल्या, त्याने सांगितलं. घरी, झोपेतच. मुलगा येऊन सगळं उरकून गेला होता. आणि मला, तासाभरावर राहणाऱ्या माणसाला, पत्ताही नव्हता.

बंदूक त्याने ठेवून घेतली. मी निघणार, तेवढ्यात त्याने काउंटरखालून एक बुटांचं खोकं काढलं. त्यात ते सगळे खाकी कागद होते. "आमच्यात हे कोणाला वाचता येत नाही," तो म्हणाला. "टाकवतही नाही."

मी बाकावर बसून कागद काढायला लागलो. नावं कुठेच नव्हती, नुसते पंजे आणि कोपऱ्यात मावशींचं बारीक मराठी. 'बोटं जाड. लांब मूठ दे.' 'दारूचा वास. उद्या ये म्हटलं.' 'बायको गेली महिन्यापूर्वी. हात थंडगार. याला बंदूक द्यायची नाही. कॉफी पाजली, बहिणीला फोन लावून दिला.' हा शेवटचा मी पुन्हा वाचला. रेघ मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मावशी ठरवायच्या, विकायची की नाही.

माझा कागद ओळखू येईना, म्हणून एकेका पंजावर हात ठेवून बघत गेलो. एक बरोबर बसला. कोपऱ्यात लिहिलं होतं:

'हात मऊ. अंगठा आखूड. घाम फार. मुलीला पाठीशी घातलं म्हणतो. पळाला असेल. याला अस्वलासाठी नको आहे बंदूक.'

त्याखाली, पेन्सिलीऐवजी शाईत:

'मुलीने सोनं दिलं. तीच बापाला पाठीशी घालते. हा खरं सांगेल तिला कधीतरी. माणूस वाईट नाही.'

मी दुकानातच रडलो. दाढीवाल्याने कागदी रुमालांचा डबा आणून ठेवला.

घरी आलो तेव्हा सई जेवणाच्या टेबलावर खरोखरच होमवर्क करत होती. मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे मलाच मोठ्याने वाचावा लागला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत.

"व्हॉट्स पाठीशी घालणं?"

"कोणीतरी चुकतं," मी म्हणालो, "आणि आपण त्याच्यासमोर उभं राहतो, म्हणजे लोकांना ते दिसू नये."

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"मी पळालो होतो, सई. मदत-बिदत काही नाही. तुला तिथे टाकून पळालो. आणि मग सगळ्यांना खोटं सांगितलं. माझं फार चुकलं."

"आय नो, बाबा. आय सॉ यू. यू रन रिअली फनी." मग वहीत बघतच ती म्हणाली, "मी वेट करत होते, तू सांगशील म्हणून."

तिने तिचा पंजा कागदावरच्या माझ्या पंजावर ठेवून पाहिला. अंगठा माझ्यापेक्षा लांब निघाला.

त्या शनिवारी आम्ही डोंगरात निघालो. फवारा सईच्या कमरेला होता. तो पळणाऱ्याकडे देण्यात अर्थ नाही असं ती म्हणाली आणि मला ते पटलं. ते दुकान जवळ आलं तसा मी गाडीचा वेग कमी केला. एक हात स्टिअरिंगवरून उचलला आणि खिडकीच्या काचेला लावून दुकानाच्या दिशेने धरला.

"बाबा, बोथ हँड्स ऑन द व्हील!"

मी हात खाली घेतला. आरशात पाहिलं, तर सईने आपली काच खाली केली होती, आणि दुकान मागे पडेपर्यंत तिचा हात बाहेर होता.